नाकसाहेबांचं नाक

२ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी धसकली असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला आपटतो. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल, आणि तुला मध्येच "तुझं आपलं नेहमीचंच" म्हणता येणार नाही.

बाबा धडधाकट आहेत. जेवतात, कारखान्यात जातात, माझ्यावर ओरडतात. फक्त त्यांना वास येत नाही. मागच्या हिवाळ्यात मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा नाकातलं सगळं घेऊन गेला. पहिल्या दिवशी कप हातात धरून बसले होते. म्हणाले, "अगं, चहा घालायला विसरलीस का? नुसतं गरम पाणी दिलंयस."

हसू नकोस. अख्खा कारखाना ज्यांना नाकसाहेब म्हणतो, कुठल्या टाकीतली वाइन कुठल्या टाकीत किती मिसळायची हे ज्यांनी आयुष्यभर नुसत्या वासावर ठरवलं, आपण कुठल्या मैत्रिणीच्या घरून आलो हे जे दारातच ओळखायचे, त्या माणसाला आता अत्तर आणि फिनेल सारखंच. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं. ते म्हणाले, "डॉक्टरची बायको मालकांच्या ऑफिसात आहे. झालं मग."

तेव्हापासून त्यांचं नाक मी आहे. संध्याकाळी ते टाक्यांमधले नमुने छोट्या बाटल्यांत घालून घरी आणतात. सकाळी चहाच्या आधी, कोऱ्या तोंडाने, मी ओट्यापाशी उभी राहून हुंगते, घोट घेते, तोंडात घोळवते, बेसिनमध्ये थुंकते आणि त्यांना सांगते. ते शाळेतल्या पोरासारखे पाठ करतात. मग कारखान्यात जाऊन मालकांसमोर डोळे मिटून तेच म्हणतात, आणि मालक म्हणतात, "वा, नाकसाहेब!" मी त्या वेळी पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाटल्यांना लेबलं चिकटवत असते.

कळलं तर काय होईल तुला माहीत आहे. घर कारखान्याचं आहे. बाबांची नोकरी गेली की या दोन खोल्याही गेल्या. आणि नोकरीचं एक वेळ सोड गं, ते नाव गेलं तर ते जगणारच नाहीत. म्हणून मी रोज सकाळी हुंगते.

तू गेलीस तेव्हा तुझ्या विजेच्या मिस्त्रीबद्दल मला चकार शब्द सांगितला नाहीस. सकाळी उठले तर शेजारची गादी रिकामी. बाबांनी तुझं नाव टाकलं, पण बाबांना सांभाळायचं काम मात्र माझ्या गळ्यात टाकून तू मोकळी. हे मला एकदा लिहायचंच होतं. लिहिलं.

धाकटी

ता. क. तुझ्या शहरातल्या मोठ्या वाइनरीत चाखणीच्या खोलीसाठी माणूस हवा आहे अशी जाहिरात पाहिली. अर्ज टाकलाय. उगीच. होणार थोडंच आहे.

२० मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. "बाबांना खरं सांगून टाकायला सांग आणि निघून ये." वा गं वा! काठावर बसून पोहायला शिकवणारी तू पहिलीच नव्हेस.

पण एक विचारलंस ते बरं वाटलं. विचारलंस, की तुला हे चाखणं आवडतं का? कुणी विचारलंच नव्हतं. आवडतं गं. वेड लागल्यासारखं आवडतं.

आमच्याकडची सगळ्यात स्वस्त लाल बाटली आठवते? तू तिला "दात रंगवायचं औषध" म्हणायचीस. ती आता माझी आहे. म्हणजे लेबलावर काही नाही, पण यंदाचं मिश्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केलंय. जुन्या टाकीतली जरा उग्र, जीभ आक्रसून टाकणारी होती. तिच्यात उतारावरच्या मळ्यातली हलकी, फळांच्या वासाची घातली. एकदा फार गोडसर झाली, बाबांना सांगून परत बदलायला लावली. आता ती अशी झालीय की मलाच खरं वाटत नाही. आधी काळ्या मनुका, मग थोडी लवंग, आणि अगदी शेवटी पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास.

माझं ऐक आणि एक बाटली आण. उघडून लगेच पिऊ नकोस. पाण्याच्या जगमध्ये उंचावरून ओत, चांगली खळाळू दे, आणि स्वयंपाक होईपर्यंत तशीच ठेव. उकाडा असेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये. मग रुंद तोंडाच्या ग्लासात अर्ध्याहून कमी घे, हलव, नाक आत घाल आणि घाई करू नकोस. महागड्या वाइनला सगळे आपोआपच मान देतात, किंमत वाचता आली की झालं. स्वस्तातलीला कुणी दोन मिनिटं देत नाही. दिली तर ती बोलते. मिस्त्रींनाही दे, पण त्यांना म्हणावं गटकन पिऊ नका.

आता खरी बातमी. नोकरीचं पत्र आलं. नमुने पाठवले होते त्यांनी, मी काय लिहिलं ते आवडलं म्हणे. एप्रिल संपायच्या आत हजर व्हायचं. मी ते पत्र वाचून शेडच्या मागे जाऊन रडले, आणि मग लेबलं तिरकी चिकटवली म्हणून बोलणी खाल्ली.

त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते काहीतरी बोलायला माझ्याकडेच येत होते, तोंड उघडलंही होतं. मी म्हटलं, "आधी माझं ऐका," आणि पत्र पुढे केलं. वाचलं. घडी घातली. माझ्या हातात परत दिलं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही काय सांगणार होतात?" तर म्हणे, "काही नाही. विसरलो."

मग मी माझा बेत सांगितला. वास गेला तरी जीभ आहे ना? आंबट, गोड, कडू कळतं. तोंड किती आक्रसतं ते कळतं. घशाशी किती ऊब लागते ते कळतं. तेवढ्यावर कितीतरी ओळखता येतं. मी शिकवते, तुम्ही शिका, मग मी जाते. ते म्हणाले, "बघू."

बाबांचं "बघू" तुला ठाऊक आहे.

धाकटी

९ एप्रिल

ताई,

खोली रिकामी करून ठेवलीस, पडदेसुद्धा लावलेस, हे वाचून मी ते पत्र उशीखाली घेऊन झोपले. तुला एवढ्यात माफ केलंय असं समजू नकोस. पडद्यांचा रंग कुठला ते कळव.

इथे शिकवणी चालू आहे, आणि विद्यार्थी दगड आहे. मी तीन ग्लास मांडते. एक आंबट, एक तुरट, एक मऊ. इतकं सोपं की शेजारचं बाळही सांगेल. बाबा घोट घेतात, छताकडे बघतात आणि म्हणतात, "सगळ्या सारख्याच." मी म्हणते, "अहो, ही जीभ कशी ओढून धरते बघा!" ते म्हणतात, "माझी नाही धरत." काल तर मी वैतागून एका ग्लासात चक्क व्हिनेगर टाकलं. "ही जरा बरी," म्हणाले. मी डोक्याला हात लावला. ज्यांनी मला चाखायला शिकवलं, त्यांना मी ग्लास कसा धरायचा ते शिकवतेय, आणि ते म्हणतात मला येत नाही. मला त्यांची दया येते आणि पुढच्याच क्षणी गळा दाबावासा वाटतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी ग्लास विसळत उभी.

घर लहान झालंय असं वाटतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॉटलिंगच्या शेडची भिंत दिसते, शेडच्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघराची. दिवसभर मी एकाच भिंतीच्या या नाहीतर त्या बाजूला असते. श्वास घ्यायला म्हणून रस्त्यापर्यंत जाते, तर पहारेकरी विचारतो, "नाकसाहेब बरे आहेत ना?" माझं कुणी विचारत नाही.

पण मार्ग निघालाय. पुढच्या आठवड्यात एक मोठा व्यापारी येतोय, गावोगाव दुकानं असलेला. स्वस्त लाल त्याला घ्यायची आहे. मालक, हिशेबनीस, व्यापारी आणि बाबा, चौघं बसून चाखणार. मला ग्लास मांडायला आणि ओतायला बोलावलंय. मी बाबांना म्हटलं, "त्या दिवशी मी एक शब्द सांगणार नाही. मिश्रण आपलंच आहे, काय बोलायचं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. निभावलंत तर पुढेही निभावाल. मग मी जाणार." मला वाटलं चिडतील. तर लगेच "चालेल" म्हणाले. इतक्या पटकन, की मीच गोंधळले.

बॅग माळ्यावरून काढलीय. अजून काही भरलं नाही, नुसती उघडी ठेवलीय.

धाकटी

१७ एप्रिल

ताई,

मी येत नाही. नोकरीवाल्यांना नकार लिहून आज टपालात टाकला. कारण सांगते, मग तूच सांग मी दुसरं काय करणार.

चाखणीची खोली तुला आठवत असेल, लांब टेबल, पांढरं कापड. मी ग्लास आरशासारखे पुसून मांडले होते. व्यापारी जाडजूड, हसरा माणूस. "मला त्यातलं काही कळत नाही हो, नाकसाहेब म्हणतील ते खरं," असं आल्या आल्याच म्हणाला. मी बूच काढलं, ओतलं, आणि ओततानाच मला वास आला. बूच बुरशीचं निघालं होतं. कधीकधी निघतं, हजारात एखादं. वाइनमध्ये तो वास उतरतो. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा. माझ्या मनुका नाहीत, लवंग नाही, काही नाही. नुसता कुबट पुठ्ठा.

आणि हे जिभेला कळणं कठीण, ताई. आंबट तेवढीच, तुरट तेवढीच. ते नाकानेच धरायचं असतं.

बाबांनी ग्लास उचलला. हलवला. नाक आत घातलं, रीतसर, सगळे बघत होते. मग डोळे मिटून म्हणाले, "वा! काळ्या मनुका. लवंग. आणि शेवटी पेन्सिलीचं टोक."

व्यापाऱ्याने हुंगलं. त्याचं तोंड वाकडं होता होता राहिलं. बाबांकडे बघितलं, परत हुंगलं आणि म्हणाला, "हं... लवंग आहे खरी." हिशेबनीस म्हणाला, "चांगलीच आहे." मालकांनी दोनदा हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून हसून मेले असते. पण मालक कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते बाबांकडे बघायला लागले.

मी बोलून गेले. "माझं चुकलं. ओल्या फडक्याने ग्लास पुसले मी. फडकं कपाटात कुबट झालं होतं. वास फडक्याचा आहे." कुणी काही म्हणायच्या आत चारही ग्लास उचलले, बाटलीही उचलली, धुतलेले दुसरे ग्लास आणले, दुसरी बाटली उघडली. ती बाटली देवासारखी निघाली. व्यापारी खरंच खूश झाला, तीनदा मागून घेतली. करार झाला. बाबांची लाज राहिली.

माझी गेली. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाची मुलगी आणि साधा ग्लास पुसता येत नाही?" बाबा खाली मान घालून बसले होते.

मला त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. खूप वाटतं. त्याहून वाईट हे, की आता सुटका नाही. एक खराब बूच, आणि बाबा संपले. रोज मी शेजारी उभी असले तरच चालेल. जिभेची शिकवणी, माझे बेत, सगळं पोरखेळ होता. बॅग परत माळ्यावर टाकलीय. पडदे काढू नकोस एवढ्यात, पण माझी वाटही बघू नकोस.

मला कोंडल्यासारखं होतंय, ताई. दार कुणी लावलेलं नाही म्हणून ओरडताही येत नाही.

धाकटी

२१ एप्रिल

ताई,

हे पत्र बहुतेक माझ्या मागून पोचेल. तरी लिहिते, कारण तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

काल दुपारी मी मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होते. दूध मंद आचेवर ठेवलं होतं. बाबा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मध्ये दोन दारं, स्वयंपाकघराचं ओढून घेतलेलं. आणि पुढून बाबांची हाक आली, "अगं ए, दूध लागतंय बघ!"

मी धावले. गॅस बंद केला, सांडशीने पातेलं उतरवलं. तळाला नुकतं लागायला आलं होतं, धूर नाही, काही नाही. मला मागच्या अंगणात आला नव्हता तो वास त्यांना पुढच्या खोलीत आला.

सांडशी हातात घेऊनच पुढे गेले. त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. पेपर खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळूहळू आला. आधी साबणाचा. मग तुझ्या वाइनचा."

"कधीपासून, बाबा?"

"ज्या दिवशी तू नोकरीचं पत्र दाखवलंस," ते म्हणाले. "त्या दिवशी मी तुला तेच सांगायला येत होतो."

मी मटकन खाली बसले. म्हणजे ते तीन ग्लास, ते छताकडे बघणं, ते व्हिनेगर! मला रडू येईना, हसू येईना. मी विचारलं, "आणि त्या दिवशीचं बूच?"

"बूच काढलंस तेव्हाच कळलं. ओतायच्या आधी."

"मग वा का म्हणालात? मालकांसमोर? अहो, नाव गेलं असतं तुमचं!"

"गेलं असतं," म्हणाले. "पण मग तू राहिली असतीस. एक मुलगी गेली, ताप आला तेव्हा तू होतीस. या घरात एकट्याने मी काय हुंगत बसू?"

ताई, ज्या नावासाठी त्यांनी तुला घराबाहेर ठेवलं, ते नाव त्यांनी माझ्यासाठी पणाला लावलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आणि हातातली सांडशी फेकून मारावीशी वाटली. मी काहीच केलं नाही. मला एकच प्रश्न सुचला, आणि तो विचारल्यावर कळलं की माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच. मी म्हटलं, "मग माझी वाइन तुम्ही इतके दिवस हुंगताय. कशी आहे?"

ते उठले. स्वयंपाकघरात गेले, बाटली आणली, जगमध्ये ओतली, वाट पाहिली. मला वाटतं आई गेल्यापासून इतक्या सावकाश त्यांना काही करताना पाहिलं नव्हतं. ग्लासात घेतली. हुंगली. या वेळी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत होते.

"तू मनुका म्हणतेस," ते म्हणाले, "त्या मनुका नाहीत. गरम पाण्यात भिजून फुगलेल्या मनुका आहेत. लवंग खरी आहे, पण अख्खी नव्हे, दाताखाली फुटलेली. आणि पेन्सिलीच्या मागे किंचित धूर आहे, तो तुला अजून सापडलेला नाही. जुन्या टाकीतली उग्र तू दाबली नाहीस, तिला कामाला लावलीस. मी दाबून टाकली असती. ही स्वस्त बाटली मी तीस वर्षं केली. अशी मला एकदाही जमली नाही."

मी ढसाढसा रडले, ताई. लहानपणापासून त्यांनी मला "ठीक" याच्या पुढे कधी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला हवा होता. त्या क्षणी मी म्हणणार होते की नाही जात, राहते, रोज सकाळी हुंगेन, लेबलं चिकटवीन, मला दुसरं काही नको.

आणि तेवढ्यात, डोक्यावरचा हात तसाच ठेवून, त्यांनी विचारलं, "मग? राहशील ना?"

कौतुकही मला ठेवून घ्यायलाच, असं वाटून गेलं. मी तोंड धुतलं आणि नोकरीच्या ठिकाणी फोन केला. तिथली बाई म्हणाली, तुमचं पत्र अजून आलेलं नाही. मी म्हटलं, आलं तर न उघडता फाडून टाका. बॅग भरली. बाबा तोवर ग्लास धरून बसले होते, वाइन तशीच होती.

सकाळच्या गाडीने निघतेय, तेवढं तुला फोनवर कळवते. स्टँडवर घ्यायला ये. मला काही विचारू नकोस, नुसती ये.

धाकटी